चौसष्ट किलोबाइट

इलाही मुजावर पिशवी घेऊन आला तेव्हा
राजारामपुरीच्या आठव्या गल्लीतली लाईट गेलेली.
"अब्बांच्या कुस्त्या हायत," म्हणाला.
म्हणजे आवाज. एकशे बारा कॅसेटी,
रबर लावून बांधलेल्या, काहींवर नुसतं गावाचं नाव.
दस्तगीर मुजावर भोंग्यावरून कुस्ती सांगायचे
आणि मैदानात जागा न मिळालेली माणसं
चिंचेखाली बसून बघायची,
कानांनी.

कॅसेट कॉम्प्युटरात उतरवणं सोपं होतं.
पुढच्यासाठी प्रोग्राम लिहिला:
एकेक फाइल उचलायची, कन्व्हर्टरला हाक मारायची,
ही घे, खरखर चाळून बारकी करून दे,
आणि थांबायचं.

हातानं कमांड दिली की शहाण्यासारखा वागायचा तो.
काळ्या खिडकीत ओळी सरसर, दहा मिनिटांत फत्ते.
तीच कमांड, अक्षर न् अक्षर तीच,
प्रोग्राममधून सोडली
की अडतिसाव्या मिनिटाला मुका.
मेला असता तर कळलं असतं.
हा जिवंत, पंखा फिरतोय, आणि ढिम्म.

अर्धी फाइल उघडून ऐकली.
"दुहेरी पट काढला... घेतला... उचलला रं, उचल..."
पुढं काही नाही.
एक पैलवान रात्रभर माझ्या टेबलावर
हवेत.

मी नावातल्या मोकळ्या जागांना अवतरणचिन्हं घातली.
मुळापासून पूर्ण पत्ता दिला.
मराठी नावं काढून नुसते आकडे ठेवले.
जुनी फाइल पुसू का, हो की नाही,
असं विचारत तो अंधारात बसला असेल
म्हणून आधीच हो म्हणून टाकलं.
पैलवान खाली येईना.

तिसऱ्या रात्री गंगावेशीत दूध प्यायला गेलो.
गिऱ्हाइकं पांगलेली, चरवी फेसानं काठोकाठ,
तातोबा धार सोडून, सडावर हात तसाच ठेवून बसलेला.
काय झालं म्हटलं.
"व्हतंय काय? भांडं भरलं.
कुणीतरी पेला म्होरं करा की, मग पिळतो.
म्हस काय आटली न्हाई."

मी पेला पुढं केला.
निम्मा पिऊन उरलेला त्याच्याच हातात दिला
आणि मिशीवरच्या फेसासकट गाडीला किक मारली.

दोन तोंडं असतात त्याला.
एकातून काम, दुसऱ्यातून कुरकुर.
कुरकुरीची नळी मी प्रोग्रामला जोडून घेतली होती,
ऐटीत, चुका पकडीन म्हणून,
आणि वाचायचं राहून गेलं होतं.
चौसष्ट किलोबाइट मावतात तिच्यात.
मग पुढचा शब्द तोंडात धरून तो थांबतो.
मी त्याच्या संपण्याची वाट बघतोय,
तो माझ्या ऐकण्याची.

एक धागा वेगळा काढला. काम एवढंच: वाचत राहा.
तेव्हा कळलं इतके दिवस काय बोलत होता.
कुठवर आलो. किती वेगानं.
सदतीस अठ्ठावन्न. सदतीस एकोणसाठ. अडतीस.
धावतं वर्णन.

आणि मग धप्प.
हलगी, शिट्ट्या, लोकांचा एकच गलका,
कोण जिंकलं ते त्यातच बुडालं.
दस्तगीरभाई खोकले. पाणी मागितलं.
"चिंचेखाली आवाज पोचतोय न्हवं?"
खाली पडद्यावर परतीचा आकडा: शून्य.
आमच्या धंद्यात शून्य आला
की कुस्ती मारली.

सकाळी इलाहीनं कानाला लावून ऐकलं.
पुन्हा ऐकलं.
"गुळगुळीत झालंय," म्हणाला. "ती चाळणी काढा.
खोकला निम्मा तिच्यातच गेलाय."

चाळणी काढली.
आता कॅसेट तीन मिनिटांत संपते.
इतक्यात ती नळी
भरलीसुद्धा नसती.